रंगोजीअण्णांचा चौकोन

रंगोजीअण्णांच्या लॅपटॉपच्या झाकणावर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहिलेला कागद चिकटवलेला आहे. म्हणजे 'उद्या ये'. इकडे बेंगळुरात पूर्वी लोक हे दारावर लिहायचे. दार ठोठावणारं भूत ते वाचून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायचं. अण्णांचं भूत म्हणजे सॉफ्टवेअरचं अपडेट. स्क्रीनवर 'अपडेट करू का?' आलं की ते 'उद्या'वर बोट दाबतात आणि दारातल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तसे म्हणतात, "नाळे बा रे, नाळे बा."

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, पुण्याची. ऑफिस सर्जापूर रोडला, पण तिथवर जाण्यात आयुष्य संपतं म्हणून बनशंकरीतूनच काम करते. अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या पाठोपाठ बेंगळुरात आलं. हे ते अशा थाटात सांगतात, जणू कालच सामान उतरवलंय. निवृत्तीनंतर त्यांनी इथल्या मराठी मंडळींची वेबसाइट अंगावर ओढून घेतली. कोणी दिली नव्हती. तीत पंचांग, नकाशा, भजनाचा व्हिडिओ आणि कोपऱ्यात आत्ता कुठकुठल्या गावांतून लोक साइट बघताहेत ते दाखवणारी चौकट. अण्णांच्या भाषेत हे सगळे 'चौकोन'.

चौकोन बसवायला कोडच्या चार ओळी नुसत्या पेस्ट करायच्या असतात. अण्णा त्या बघून बघून एका बोटाने टाइप करतात. कॉपी-पेस्ट म्हणजे दुसऱ्याचं उष्टं, असं त्यांचं मत. मग कुठेतरी एक अवतरणचिन्ह राहतं आणि बोल राहुकाळाला लागतो.

रोज सकाळी जिन्यातून हाक येते, "अगं, साइट उघडते का, स्वल्प बघ." मी ऑफिसच्या लॅपटॉपवर बघते, "उघडते" म्हणते, आणि ते "सरी", म्हणजे बरं, म्हणून कृतार्थ होतात.

गेल्या महिन्यात भूत मागच्या दाराने आलं. साइट आपल्या लॅपटॉपमध्ये राहत नाही, दूरच्या कुठल्या यंत्रावर राहते, हे अण्णांच्या गावीही नव्हतं. तिथे आपोआप अपडेट झालं आणि सगळे चौकोन मेले. त्यांच्या जागी नुसता कोड उघडा पडला. एका दिवंगत काकूंच्या श्रद्धांजलीखाली कंसांची आणि आकड्यांची रांग लागली. यशवंतपूरहून कोणीतरी फोन करून विचारलं, हा श्लोक कुठल्या ग्रंथातला.

अण्णांनी माझी मदत साफ नाकारली. राउटर बंद-चालू करून पाहिला, कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. शेवटी शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन वर आले.

"पंचांग जाऊ दे गं. नकाशा पण जाऊ दे. तेवढा तो गावांचा चौकोन कर."

"तो तर सगळ्यात बिनकामाचा," मी म्हटलं. "त्यात एकटं बेंगळुरू दिसत असणार, आणि तेही तुम्हीच."

"डॅलस पण दिसतं की."

मुलगा श्रीकांत डॅलसला असतो आणि दोघांत अबोला आहे, हे मला माहीत होतं. कारण तेव्हा कळलं. 'अण्णा, ती साइट कोण बघतं? बंद करा तो उद्योग,' असं तो म्हणाला, त्यावरून जुंपली, आणि फोन थांबले.

"तोंडानं असं बोलतो, पण रोज बघतो," अण्णा म्हणाले. "आपली सकाळ, त्याची रात्र. झोपायच्या आधी बघत असणार. शनिवार-रविवार तेवढा येत नाही. दमत असेल पोर."

माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचं इंटरनेट कंपनीच्या डॅलसमधल्या यंत्रातून फिरून जातं. मी बसते बनशंकरीत, जगाला दिसते डॅलसला. आणि शनिवार-रविवार मी तो लॅपटॉप उघडत नाही. इतके दिवस ज्या माणसाला हसत होते त्याच्याकडे बघवेना.

कोड जुन्या पद्धतीचा होता. नवा आणून पेस्ट केला. चौकोन जिवंत झाला, 'बेंगळुरू' उमटलं. अण्णा बघत राहिले.

"डॅलस नाही गं. अजून बिघडलंय स्वल्प."

"थोडा वेळ लागतो त्याला," मी म्हटलं.

ते लॅपटॉप घेऊन खाली गेले. मी ऑफिसचा लॅपटॉप काढला आणि साइट उघडली. जरा वेळाने खालून आवाज आला. तो माझ्यासाठी नव्हता.

"आलास? शनिवारचा पण आलास? अर्धी रात्र झाली की रे तिकडे. झोप जा आता."

मी थोडी थांबले आणि लॅपटॉप मिटला.

खाली चौकोनातलं 'डॅलस' पुसलं गेलं असणार. मग अण्णा स्वतःशीच म्हणाले, "ऐकतो की अजून माझं."