कंडक्टर साइडचं दार

होडीला डावी बाजू असते, उजवी बाजू असते, एवढं मलाही कळतं. आमच्या शेजारच्या सकपाळभाऊंच्या होडीला मात्र डायवर साइड आणि कंडक्टर साइड असते. अंगणात चार जुने टायर मांडून त्यांवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकत बसलेला हा माणूस "कंडक्टर साइडला दोन रिबिटं कमी पडली" म्हणून स्वतःवरच चिडतो, आणि रस्त्यानं जाणारा नवखा माणूस वळून बस शोधायला लागतो.

भाऊ मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या वाडीतले. तिथं पाणी म्हणजे झऱ्याचं, हंड्यात मावेल एवढं. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले, बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात लागले आणि उमेदीची सगळी वर्षं बसच्या अंगावर पत्रा चढवण्यात घालवली. कारखाना बंद पडला, बायको गेली, तसे महाडला येऊन आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. सावित्री नदीत आणि खाली खाडीत मासे धरणाऱ्यांच्या लाकडी होड्या कुजतात हे बघून यांनी सहज एक पत्र्याची करून दिली. दोन माणसांनी उचलून न्यावी इतकी हलकी. मग दुसऱ्यानं मागितली, तिसऱ्यानं मागितली.

स्वतः मात्र कधी होडीत बसले नाहीत. पोहता येत नाही. पाणी घोट्याच्या वर आलं की तोंड पांढरंफटक. विचारलं तर म्हणतात, "मी बॉडीवाला हाय वहिनी. गाडी चालवायची ती डायवरनं."

होडी गळते का हे बघायची त्यांची रीतही उलटी. होडी पाण्यात घालायची नाही, पाणीच होडीत घालायचं. टायरांवर होडी, खाली जमिनीवर कोरडी राख. ही राख माझ्या बंबातली, आणि ती आयत्या वेळी मागायची. नळी लावून होडी काठोकाठ भरायची आणि भाऊंनी पोटावर पालथं पडून राखेकडे बघत राहायचं. कुठं ठिपका उमटला की वरती खडूची खूण. माझा चहा होतो, स्वयंपाक होतो, जेवण होतं, भाऊ पालथेच.

"नदी पन्नास पावलांवर आहे. नेऊन टाकावी की एकदा," मी म्हटलं.

"बसमदी पावसाचं पानी येता नये, हितं बी तेच. फक्त हितं पाऊस खालनं."

आता महाडात राहायचं म्हणजे पाण्याशी ओळख ठेवावीच लागते. सावित्री मनात आलं की बाजारपेठेत येते. आमच्या घरातही भिंतीवर तिच्या खुणा आहेत. त्या मोठ्या पुरात खालची खोली बुडाली आणि मी वर सज्जात बसले होते. सुटका करायला रबरी होडी आली. होडी चांगली, माणसंही चांगली. पण तिचा काठ माझ्या कमरेएवढा उंच आणि माझे दोन्ही गुडघे केव्हाचे गेलेले. "आजी, पाय उचला," म्हणाले. पाय उचलता येत असते तर मी चालतच गेले नसते का? शेवटी चौघांनी तांदळाचं पोतं टाकावं तशी मला आत टाकली. डोकं खाली, पाय वर, लुगडं कुठल्या कुठं, आणि गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर माणसं उभी.

जीव वाचला, नाही कशाला म्हणू? पण त्याच दिवशी पोरांना सांगून टाकलं, पुढच्या वेळी मी हलणार नाही. सज्जात बसेन. पाण्याला काय करायचं ते करू दे. पोरांना वाटतं म्हातारी चेष्टा करते. चेष्टा नव्हती. हेच मी सकपाळभाऊंनाही भिंतीवरून ऐकवलं होतं. ते मोगरीनं पत्रा ठोकत होते. "हं," एवढंच म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात भाऊ जरा बिघडल्यासारखे वागायला लागले. एकदा माझी खुर्ची उचलून घेऊन गेले. म्हणे पाय लटपटतोय, रिबिट मारून देतो. खुर्ची चांगली ठणठणीत होती. "नाय, लटपटतोय," म्हणाले आणि दोन दिवस परतच केली नाही. एकदा मी पायरी चढत होते तर मागून आवाज आला.

"वहिनी, आदी कुठला पाय टाकता?"

"उजवा. का हो?"

"असंच."

वयानं होतं एकेकाचं असं म्हणून मी सोडून दिलं.

मग एका सकाळी खाडीकडचा लहू आला. चाळिशीचा गडी, मासेमारीवरच घर चालतं. त्याची जुनी होडी तळाला फुटलेली, पावसाळा तोंडावर, आणि भाऊंनी त्याच्या होडीसाठी म्हणून मुंबईहून जाड पत्रा मागवला होता. होडी तयार होती. नुसती तयार नव्हे, तिला दार होतं.

"काका, ह्या काय केलंत? दार? मासे काय तिकीट काडून चडनार हायत?"

"ती तुजी नाय. तुजी फुडली."

"पत्रा माज्या नावाचा आनला व्हतात ना? असू दे. दाराला रिबिटं मारून टाका, हीच नेतो."

"नाय जमायचा. ती रिझर्व्ह हाय."

"कोनाची?"

भाऊ पान्हे पुसत बसले. लहू भिंतीपाशी आला. "काकी, तुमी तरी सांगा. दुसरीकडं गेलो तर ह्यांनाच वाईट वाटंल."

मी काठी घेऊन त्यांच्या अंगणात गेले आणि भाऊंना चांगलं ऐकवलं. गिऱ्हाईक असं तोडतात का, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि होडीला दार करायला तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून कंडक्टर साइडची कडी काढली.

काठाचा वरचा अर्धा भाग बाहेरच्या अंगाला आडवा पडला आणि त्याचीच पायरी झाली. कडेनं बसच्या खिडकीला असतं तसलं काळं रबर. "पानी हितवर येत नाय," भाऊंनी पायरीच्या खाली बोट ठेवून दाखवलं. "आन रबर हायच. तीनदा भरून बगितली. राख कोरडी."

आत उजव्या हाताला धरायला दांडा होता. बाक माझ्या खुर्चीच्या उंचीचा, बोटभरही कमीजास्त नाही. बाकाच्या पाठीवर लाल रंगात लिहिलं होतं, ‘महिलांसाठी राखीव’.

भाऊंच्या घरात बाईमाणूस नाही.

"उजवा पाय," भाऊ म्हणाले.

मी दांडा धरला, उजवा पाय टाकला, मग डावा, आणि बसले. कुणाचा हात लागला नाही. अंगणात, टायरांवर, भर उन्हात, होडीत. लहू बघतच राहिला. मी आतून चहूकडे बघून घेतलं.

पुढं शोमध्ये, म्हणजे होडीच्या नाकाशी, वल्हवणाऱ्यापुरती एक फळी होती. बाकी होडी रिकामी.

"पूर आला की वल्हवणार कोण?"

"लहू येल. मी बोललो नाय अजून."

"येईन की," लहू म्हणाला.

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"मी कशाला? मी हाय की माळ्यावर." भाऊ दाराची कडी पुन्हापुन्हा वरखाली करून बघत होते. "मला कोन इचारायला येतो वहिनी. तुमी आपल्या नीट बसून जा."

मी काठी आडवी मांडीवर ठेवली. "कंडक्टर नसेल तर ही गाडी सुटायची नाही. मी इथंच बसलेय. जेवायला घरून इथंच मागवीन."

"म्हंजे माजी होडी अजून लांबली," लहू म्हणाला.

भाऊंनी काठाच्या रिबिटांवरून अंगठा फिरवत होडीभोवती एक चक्कर मारली. मग कानावरचा खडू काढला.

"जरा फुडं सरका वहिनी," म्हणाले. "माप घेतो."