निविदा प्रसिद्ध झाली आहे

राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत शाळेची दगडी भिंत पडली आणि ती नव्याने बांधण्यास शासनाने तत्त्वतः मान्यता दिली. कुंडलिक गवंड्याला मान्यता कळली, पण निविदा कुठे निघणार ते कळेना. दगडकामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. दोन वर्षं खेटे घालून त्याने ठेकेदारीची नोंदणीही मिळवली होती, आणि त्याची दोन्ही पोरं त्याच शाळेत बसत होती. यंदा आपल्या नावावर पहिलं काम, असं त्याने बायकोला सांगूनही टाकलं.

तो कचेरीत गेला. लिपिक आनंदराव सभ्य गृहस्थ. निविदा सूचना फलकावर लावली आहे, असं त्यांनी सांगितलं. फलक कपाटामागे होता. कुंडलिकने कपाटाला हात घालताच आनंदरावांनी त्याला हळूच थांबवलं. कपाट नोंदवहीत चढलेलं असल्याने ते हलवायला हमालांची निविदा काढावी लागते, आणि तीही रीतसर काढलेली होती.

“ती कुठं लावलीया?” कुंडलिकने विचारलं.

“फलकावर,” आनंदराव म्हणाले.

मात्र शासन जनतेला एकाच फलकाच्या भरवशावर सोडत नाही. जाहिरात ‘सर्वाधिक खपाच्या’ वर्तमानपत्रातही होती. कुंडलिकने भोरच्या स्टँडवरचे सगळे पेपर चाळले. एकातही ती नव्हती. अखेर ती छापणाऱ्या पेपरचे संपादक एका झेरॉक्सच्या दुकानात सापडले. दुकान त्यांचंच. ते अकरा प्रती काढत. दहा कचेरीत जात, एक मातोश्री ठेवून घेत. कचेरीत दुसरा पेपरच येत नसल्याने तिथे खप यांचाच सर्वाधिक होता. मातोश्रींच्या प्रतीत जाहिरात मिळाली. ‘तपशील संकेतस्थळावर’ एवढंच त्यात होतं.

मग पुतणी अश्विनी मोबाईल घेऊन टेकाडावर चढली, कारण रेंज तिथेच यायची. तिने शाळा शोधली, भिंत शोधली. तिसऱ्या दिवशी जाहिरात ‘उभी किरकोळ कामे’ या सदरात गावली. शनिवारी संध्याकाळी निघून ती सोमवारी सकाळी दहाला बंद झाली होती. तीन निविदा आल्या होत्या. तिघांचा पत्ता एक, फोन एक. स्पर्धा निकोप झाल्याचा शेरा होता.

ज्याला काम मिळालं त्याला दगडकाम येत नव्हतं. गवंड्यासाठी त्याने कुठलीही जाहिरात दिली नाही. तो थेट कुंडलिकच्या दारात येऊन उभा राहिला. कुंडलिकने रोजावर भिंत बांधली, आणि आत आपली पोरं बसणार म्हणून चांगली बांधली. पाटीवर नाव दुसऱ्याचं लागलं.

ते त्याला लागलं. त्याने वरपर्यंत तक्रार केली आणि, काय चूक झाली देव जाणे, तिची दखल घेतली गेली. यापुढे प्रत्येक निविदा घरोघर जाणाऱ्या पेपरात, पंधरा दिवस आधी छापावी, असा हुकूम निघाला. कुंडलिकने त्याच दिवशी पेपर लावला.

महिन्याभराने तो कामथडीला ठकुबाईंच्या हॉटेलात भजी खात होता. खालच्या कागदावर तेलात भिजलेली निविदा दिसली. शेजारच्याच गावची दगडी भिंत. मुदत कालच संपलेली.

“मावशी, हितं पेपर कुनी वाचत न्हाई का?”

“समदे वाचत्यात की,” ठकुबाई म्हणाल्या. “भविष्याचं पान चुरगळून जातं, क्रिकेटचं फाडून न्हेत्यात. बारीक सरकारी अक्षरांचं तेवढं कोरं ऱ्हातं. म्हनून भज्यांना म्या त्येच घेते.”

तुमच्याआमच्यासारखा कुंडलिकही रोज नेमाने पेपर वाचत होता. गेले पंधरा दिवस त्याच्या राशीला नवीन काम मिळण्याचा योग होता.