सगळ्या बिसेनांचा चेहरा

अख्ख्या आमगावात कॉम्प्युटर कळतो तो एकट्या मला! निदान मी तरी लोकांना असंच सांगतो. म्हणूनच आमच्या पोवार समाजाच्या परिचय मेळाव्याचं काम माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आलं. सगळ्या उपवर मुलांच्या बायोडाटांचा डेटाबेस करायचा होता. खरं सांगू? मेळाव्याला रूपलाल पटलेंची भूमेश्वरी येणार होती, आणि मी, लोकेंद्र बिसेन, पस्तिशीला टेकूनही बिनलग्नाचा होतो. ती आवडायची हो मला!

मी मोबाइलवरचे भलेमोठे फोटो जसेच्या तसे डेटाबेसमध्ये कोंबले. फाईल अशी फुगली, की एक नवा मुलगा आत घेईना! घाबरून सगळे फोटो पुसले. तरी आकार तेवढाच! शेवटी नागपूरच्या मामेभावाला, कैलाशला, फोन लावला.

"अबे, नुसतं पुसून जागा सुटत नाही. कॉम्पॅक्टचं बटन दाब! अन् फोटो बाहेर फोल्डरमंधी ठेव. फाईलमंधी फक्त फोटोचं नाव लिही."

बटण दाबलं. फाईल चिमूटभर झाली! मग मोबाइलमधले फोटो फोल्डरमध्ये टाकायला घेतले. पूर्ण नावं कोण टाईप करणार? आडनाव पुरे! बिसेन, कटरे, तुरकर... कॉम्प्युटर सारखा विचारायचा, "या नावाचा फोटो आधीच आहे, बदलू?" मी म्हणायचो, बदल बाबा! समाजात आडनावं मोजकी, हे त्या यंत्राला कळलं, मला नाही. माझा स्वतःचा फोटो मी कौतुकानं सगळ्यांत शेवटी टाकला.

मेळाव्यात भूमेश्वरीला पडद्यावर एकेक मुलगा दाखवायला घेतला. आधी मी झळकलो. खाली लिहिलेलं : झेरॉक्सचं दुकान. भूमेश्वरीनं सरळ मान हलवली. नाही!

पुढचा बिसेन आला. पुन्हा मीच! ती पुन्हा नाही म्हणाली. त्याच्या पुढचाही मीच! सभागृह हसायला लागलं. माझी दुलारीआत्या गर्दीतूनच ओरडली, "काऊन रे लोकेंद्रा, किती जागी उभा राहून राहिला?"

हे थांबवायला मी माउस शोधत होतो, तेवढ्यात आणखी एक बिसेन आला. चेहरा माझा, खाली लिहिलेलं : तलाठी. भूमेश्वरी वडिलांच्या कानाशी लागली. रूपलालकाका उठले.

"हा चालते! पोरगी म्हणते, पोरगा दिसाले बी चांगला आहे."

माझा जीव हरखला. इतक्यात मागच्या रांगेतून खरा तलाठी उठून पुढे आला. पोट सुटलेलं, डोक्यावर चकचकीत टक्कल!

तरी चालला.