पद्माक्कांच्या घरामागचे गुलाब

चि. मुक्ता आणि अनिकेत,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, कॅनडातल्या तुमच्या बागेत लावलेल्या तीन गुलाबांपैकी दोहोंच्या पानांवर काळे ठिपके पडले आणि तिसरा बर्फात गेला, आता कुठला लावू? आजी गुलाबवाली, म्हणून मला विचारलंत. पण याचं खरं उत्तर माझं नाही, पद्माक्कांचं आहे. त्यांचा मला इतका हेवा वाटे, की तुमच्यासमोर मी कधी त्यांचं नावही काढलं नाही. आता विचारलंच आहेत, तर सांगते.

पद्माक्का अळ्यांना घरी पोचवायला जात.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोयनानगरच्या वसाहतीत आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी होती. तुमचे आजोबा धरणावर इंजिनियर, पद्माक्कांचे यजमान डोंगराच्या पोटातल्या वीजघरात फोरमन. पद्माक्का सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक. रोज सकाळी त्या गुलाबावरची अळी पानाच्या द्रोणात उचलत, वर पदराची सावली धरत आणि "चल बाबा, हळू, पडशील," असं बोलत घरामागे जात. मावा पडला तर मोराच्या पिसानं बशीत झाडून घेत. जीव मारायचा नाही, म्हणून औषध मारायचं नाही.

मग उरतं काय? मुळातच आजारी न पडणारा गुलाब शोधणं. तेही कोयनेला, जिथे चार महिने पाऊस, मग धुकं, मग बोटं वळणार नाहीत अशी थंडी! त्यांची पद्धत एकच. नवं झाड वाऱ्याच्या कोपऱ्यात लावायचं, आडोसा नाही, लाड नाही, आणि तीन पावसाळे नुसतं बघत राहायचं. "रूपाला काय चाटायचंय? टिकंल का ते बगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते नुसतं गुलाबांपुरतं नव्हतं. कराडला छत्री घेताना त्यांनी दुकानदाराला ती उघडून नळाखाली उभं केलं होतं. भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी आधी टेकडी चढायला लावली. वर पोचल्यावर त्याला बोलता आलं, म्हणून तो पास.

माझं सगळं पुस्तकाप्रमाणे. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी, बागकामाचं इंग्रजी पुस्तक उशाशी ठेवून झोपत असे. हातमोजे, कात्री, मोरचूद-चुन्याचा फवारा, सगळं वेळच्या वेळी. पुण्याहून मागवलेले माझे कलमी गुलाब उन्हाळ्यापर्यंत बशीएवढे फुलत. श्रावणात त्यांच्या नुसत्या काड्या उरत. आणि कुंपणापलीकडे पद्माक्कांचा तो बारका गुलाबी! फूल लिंबाएवढं, पण पान जाड आणि तेल लावल्यासारखं चकचकीत. भर धुक्यात घोसानं फुले. साहेबांच्या बायका माझ्या फाटकावरून पुढे जात आणि त्यांच्यापाशी थांबत. एवढंच काय, तुमचे आजोबासुद्धा ऑफिसला जाताना वाट वाकडी करून त्याचा वास घेत. "औषध नाही, खत नाही, आणि बघ गं कसा फुललाय!" असं ते एकदा म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या आमटीत मीठ नव्हतं.

मी एक फांदी मागितली, तर पद्माक्का म्हणाल्या, "आवं वैनी, दोनच पावसाळं झाल्यात त्याला. घाई कशाला?" मी मनात म्हटलं, कवडीचुंबक बाई!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून त्यांना माझ्या पिवळ्या कलमी गुलाबाचं रोप दिलं. खरा गुलाब कसा असतो ते कळू दे एकदा! त्यांनी ते कपाळाला लावून घेतलं. पुढच्या अंगणात मात्र ते कधीच दिसलं नाही.

त्या पावसाळ्यात माझ्या झाडांवर अळ्याच अळ्या झाल्या, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. द्रोण भरून या बाई रोज मागे जातात, आणि मागे तर आमचं कुंपण! सोडत असणार माझ्याच झाडांवर! दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून त्यांच्यामागोमाग गेले. म्हटलं, आज सोक्षमोक्ष.

मोरीच्या सांडपाण्यावर गुलाबांची एक रांग होती. तीन पावसाळ्यांत नापास झालेली सगळी झाडं तिथे होती. पद्माक्कांनी एकही उपटून टाकलं नव्हतं. पहिला मान माझ्या पिवळ्याचा, तोही परीक्षा न देताच. त्याच्या पानांची जाळी झाली होती, आणि पद्माक्का उकिडव्या बसून त्याच्यावर अळी उतरवत होत्या.

"या वैनी, बसा. तुमच्या पिवळ्याचं लय कौतुक हाय हितं. समद्या अळ्या आदी त्याच्यावरच जात्यात."

"अहो, पण तो मरेल ना!"

"न्हाई मरत. मी बगते की. लय खाल्लं की त्यांना दुसऱ्या झाडावर वाढते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोरं सांगलीला बोर्डिंगात. ह्यांचा डबा डोंगरात जातो. दिवस मावळायच्या आत एकटीच जेवून घेते. वाढलेलं कुणी खातंय, तेवढं हितं दिसतं. म्हणून बसते."

मी भांडायला गेले होते. उठले तेव्हा त्यांच्या यजमानांचा डबा नेणारी गाडी येऊन गेली होती.

पुढच्या वर्षी आमची साताऱ्याला बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढत असताना पद्माक्का ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आल्या. "तीन पावसाळं झालं. पास! कलम बांधू नगा, स्वतःच्या मुळावर वाढू द्या. वरनं जळाला तरी खालनं येतोय."

तेव्हा पोरांनो, बशीएवढ्या फुलाच्या चित्रावर भाळू नका. जाड, चकचकीत पान बघा. स्वतःच्या मुळावरचं झाड मागा, कलमाचं नको. बर्फानं वरचं जळालं, तरी लगेच उपटू नका. वसंतापर्यंत थांबा.

हेवा मला अजून वाटतो, कारण इतकी वर्षं होऊनही वास घेतला की लोक विचारतात, "कुणाचा हो हा गुलाब?" आणि मला सांगावं लागतं.

पद्माक्का गेल्या. साताऱ्याच्या फाटकाशी त्यांचा गुलाबी अजून आहे. घरामागे मी एक पिवळा लावला आहे. त्याला औषध मारत नाही. त्याचं एकही पान धड नसतं.