टोकन नंबर चारशे अठरा

बशीरचाचांवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, ‘झुळूक’ कंपनीच्या नाशिकमधल्या सेवा केंद्रात, दोन नंबरच्या काउंटरवर. मी शेजारीच उभी होते. वेळ तळहातावर लिहून घेतली, कारण आमच्या ग्राहक गटात पहिला धडाच तो असतो: आधी वेळ लिहा, मग संतापा.

चाचांचा गुन्हा काय? त्यांनी टॅबच्या पाठीवर हातोडीनं नंबर ठोकला होता.

हसून घ्या. मीही हसले होते.

बशीर सय्यद म्हणजे सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. उभा जन्म अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेला. तिथल्या टूलरूमचा रिवाज असा, की नवं हत्यार हातात आलं की आधी पंचानं, म्हणजे टोकाला आकडा कोरलेल्या पोलादी खिळ्यानं, त्यावर आपला हजेरीचा टोकन नंबर ठोकायचा. नाहीतर जेवणाच्या सुट्टीत त्याला पाय फुटतात. चाचा निवृत्त झाले, रिवाज झाला नाही. त्यांच्या तव्यावर ४१७, कुकरच्या झाकणावर ४१७, चष्म्याच्या डबीवर ४१७. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं आमच्याकडे राहिलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. “बेटा, चारशे सतरा तुमच्याकडे आलाय का?”

झुळूकचा मोबाइल घेतला, ४१७ ठोकला. लॅपटॉप घेतला, ठोकला; त्यात एक बटण उडालं. “बाकीची आहेत ना?” चाचा म्हणाले. मग टॅब आला. खाली घोंगडी, वर पंच, तीन ठोके. काचेवर साधा ओरखडा नाही. आकडे असे सरळ रेषेत, की पट्टी लावून बघा.

वर्षाच्या आत त्या टॅबनं चार्जिंग घेणं सोडलं. वॉरंटी चालू होती. काउंटरवरच्या मुलीनं टॅब उलटा केला आणि तिचा चेहरा पडला.

“अंकल, हे फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटी बाद.”

“डॅमेज नाय बेटा, नाव आहे. आमच्यात असंच लिहितात.”

“सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.”

“बिघाड पुढच्या भोकात, नंबर पाठीवर. माझा दात दुखतो म्हणून डॉक्टर माझी टाच बघतो का?”

मागची रांग हसली. मुलगीही हसली असती, पण वर कॅमेरा होता. चाचांनी भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट केलं. मोबाइल, टॅब, लॅपटॉप एकमेकांना खेटून उभे, खाली ओळ: ‘झुळूक, एकच कुटुंब’. “कुटुंब म्हणता,” चाचा म्हणाले, “आणि एक आजारी पडलं की ओळख दाखवत नाय.”

मी बॅगेतून कोरा कागद काढला. लेखी नकार द्या म्हटलं. दिला नाही. शेवटी जाता जाता त्या मुलीनं विचारलं, “अंकल, तुमचा नंबर चारशे सतरा म्हणालात ना? इथे तर चारशे अठरा आहे.”

“तो माझा नाय,” चाचा म्हणाले आणि टॅब शर्टाखाली घालून बाहेर पडले.

चारशे अठरा म्हणजे कोण ते संध्याकाळी कळलं. चाचा मला दोन गल्ल्या सोडून रामनाथकाकांच्या घरी घेऊन गेले. काका मूळचे घोटीचे. टूलरूममध्ये चाचांच्या शेजारच्या बाकावर तीस वर्षं. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. चाचांनी टॅबवर मोठे मोठे चौकोन केले: चहा, पाणी, पंखा, ‘सुनंदा, इकडे ये’. प्रत्येक चौकोनात आवाज चाचांचा. काका डाव्या हाताचं बोट ठेवणार, घरात चाचा बोलणार. सुनंदाकाकू म्हणाल्या, “सुरुवातीला मी दचकायचे हो. भाऊजी घरी नाहीत आणि पंखा लावा म्हणतायत!”

आता टॅब बंद. चाचांनी पुठ्ठ्यावर तेच चौकोन आखलेत. रोज दोन वेळा येऊन खाटेसमोर बसतात. काका पुठ्ठ्यावर बोट ठेवतात, चाचा मोठ्यानं बोलतात.

“सध्या टॅब मीच,” ते मला म्हणाले. “चार्जिंगला दोन पाव लागतात.”

“मग पुठ्ठा चालतोय की,” मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, “अगं, परवा मी गच्चीवर पापड उचलायला गेले. हे खाटेवरून घसरले. खाली आले तेव्हा फरशीवर पुठ्ठा हातात धरून पडलेले. पुठ्ठ्याला हाक मारता येते का?”

एवढ्यात काकांचं बोट खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर गेलं. त्यावर चित्र नाही, शब्द नाही. चाचांनी घसा खाकरला, भिंतीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बश्या, तुझ्या हातात कानस म्हणजे म्हशीच्या हातात सुई!”

काकांचं अर्धं तोंड हसलं. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. चाचांनी पुन्हा स्वतःला तेवढ्याच जोरात ऐकवलं.

परतताना मी विचारलं, हा चौकोन कशाला? “तीस वर्षं रोज सकाळी त्याच्या तोंडून ऐकत होतो,” चाचा म्हणाले. “आता मला बश्या म्हणणारं दुसरं कोण उरलंय, बेटा? टॅब बनवला त्या दिवशी पहिला तोच भरला. पाण्याच्या आधी.”

मी पत्रक लिहायला बसले होते, त्यात ‘ग्राहकाची पिळवणूक’ वगैरे होतं. ते फाडलं. हे लिहिलं.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही झुळूकच्या सेवा केंद्राच्या दारात बसणार आहोत. चाचा घोंगडी, पंच आणि हातोडी घेऊन येतील. झुळूकचं जे काही तुमच्या घरात असेल, मोबाइल, टॅब, लॅपटॉप, ते घेऊन या. चाचांसमोर पालथं ठेवा, पाठीवर ४१८ ठोकून घ्या आणि आत जाऊन काउंटरवर विचारा, यात बिघडलं काय ते दाखवा. वॉरंटीची भीती वाटत असेल तर माझ्या मागे उभे राहा. पहिला मोबाइल माझा असेल.

पण या. ज्याला हाक मारता येते, त्यानं घरात बसायचं नाही.