आमचे लगतधारक

तमाम नाशिककरांस कळविण्यात येते की, पूर्वेकडील घराच्या गवती चहाच्या तीन पात्यांनी कुंपण ओलांडून आमच्या जागेत अतिक्रमण केले आहे. सदर पाती सात दिवसांच्या आत मागे न घेतल्यास ती कापून, चहात घालून, पिण्यात येतील.

हा मजकूर माझा नाही. एका सकाळी आमच्या दाराच्या कडीत खोचलेल्या कागदावरून जसाच्या तसा उतरवून घेतलाय. खाली सही होती : ‘देवरे, लगतधारक’.

देवरे अण्णा आमचे शेजारी, पण हा शब्द त्यांना चालत नाही. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. तिथे ज्याची जागा तुमच्या जागेला लागून, तो लगतधारक. मी त्यांची पूर्वेची लगतधारक. फोन केला की पलीकडून ‘बोला, पूर्व’ असंच ऐकू येतं. पश्चिमेला रस्ता आहे, त्याच्याशी त्यांचं बरं चाललंय. तो फोन करत नाही.

घरासमोर त्यांची वीस बाय बाराची बाग. दोरी लावल्याशिवाय तिथे बी मातीत जात नाही. मेथीच्या ओळी पट्टीने आखलेल्या, आणि कोथिंबीर अशी ताठ की राष्ट्रगीत सुरू आहे असं वाटून मी एकदा खरंच हातातली पिशवी खाली ठेवली होती. कॉलनीत दर फेब्रुवारीत परसबागेची स्पर्धा होते. देवरे काकू वारल्या, त्याच्या पुढच्या वर्षापासून सलग सात वेळा पहिला नंबर अण्णांचा. सातही प्रमाणपत्रं हॉलमध्ये सारख्या अंतरावर टांगलेली आहेत, आणि आठव्यासाठी खिळा आधीच ठोकून ठेवलेला.

अशा माणसाच्या मेथीत माझी नात ओवी दोन्ही पाय रोवून उभी दिसली, तेव्हा माझ्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. ओवी चार वर्षांची. तिची आई अंबडला कामाला जाताना तिला आठ वाजता माझ्याकडे सोडते. आठ वाजून पाच मिनिटांनी तिने कुंपणातली फट शोधली होती.

अण्णांनी आधी मेथीकडे पाहिलं, मग पायांकडे, मग वर.

‘आपलं नाव?’

‘ओवी. तुम्ही काय करताय?’

‘कांद्याची लागण.’

‘मी पण.’

आता हिला नोटीस मिळणार, असं मी धरूनच चालले. पण जो माणूस आपल्या पाण्याच्या पाइपाला दुसऱ्याचा हात लागू देत नाही, त्याने कांद्याच्या रोपांची अर्धी जुडी तिच्या हातात दिली आणि शेवटची ओळ तिच्या नावावर करून टाकली.

मला फार कौतुक वाटलं. कुंपणापाशी जाऊन मी म्हणाले, की लहान मुलं बागेत किती शिकतात, नाही का. अण्णा म्हणाले, शिकतात की नाही ते नंतर बघू, पण काम तिप्पट होतं.

ते खोटं नव्हतं. एका खड्ड्यात तीन रोपं, पुढे हातभर जागा मोकळी, मग दोन रोपं उलटी, मुळं उन्हात. ओळ डावीकडे निघाली, मध्येच विचार बदलून उजवीकडे वळली. उलटी तेवढी अण्णांनी सुलटी करून घेतली. तीन एकत्र का, असं विचारल्यावर ओवी म्हणाली, छोटी आहेत ना, एकेकटी घाबरतील. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, काही लिहिलं नाही, परत कानावर ठेवली.

मग रोजचंच झालं. पहिले काही दिवस ती प्रत्येक रोप उपटून कांदा आला का बघायची. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी पाहणीची वही काढली. न उपटता, नुसतं वाकून बघायचं आणि कांदा नसेल तर वहीत शून्य काढायचं. ओवीची शून्यं वाकडी होती, पण हळूहळू उपटणं थांबलं. पाणी डोक्यावर नाही, पायाशी घालायचं, हे ती शिकली. गांडूळ हे कर्मचारी आहेत, त्यांना कामाच्या वेळेत त्रास द्यायचा नाही, हेही. जी मुलगी पोह्यांतली कोथिंबीर वेचून ताटाबाहेर ठेवायची, तिने स्वतः खुडलेल्या मेथीची भाजी दोनदा मागून घेतली. आणि जेवताना तिने आमच्या ह्यांना, म्हणजे तिच्या आजोबांना, सुनावलं, की तुमचं कोपर माझ्या हद्दीत आलंय.

फेब्रुवारी जवळ आला तशी मला काळजी लागली. स्पर्धेत रांगांना वेगळे गुण असतात, आणि ओवीची ओळ तर गेटमधूनच दिसत होती. मी अण्णांना सुचवलं की दुपारी ती झोपली की रोपं हळूच सरळ करून घ्या, तिला कळणारही नाही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाच देऊ केली. म्हणाले, ओढा वाकडा असला तर मोजणीदार ओढा सरळ करत नाही, नकाशात वळण घेतो.

आणि त्यांनी तेच केलं. प्रत्येक वळणावर खुंटी ठोकली, टेप धरून अंतरं घेतली. टेपचं दुसरं टोक अर्थातच ओवीकडे, त्यामुळे सगळं तीनदा मोजावं लागलं. मग शाईने नकाशा काढून गेटला लावला. ओळीसमोर लिहिलं : ‘कब्जेदार : कु. ओवी, वय वर्षे चार.’

परीक्षक बाई नकाशा बघून हसल्या. ओळ बघून मात्र त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं. पहिला नंबर टांगत्या कुंड्यावाल्यांना गेला. दुसरा, तिसराही दुसऱ्यांनाच.

मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवसापासून मी कुंपणाच्या फटीला पाट लावून टाकला. अण्णा दमलेत, असं ओवीला सांगितलं. ती खिडकीत बसून वहीशिवायच शून्यं काढत राहिली, काचेवर, बोटाने. तीन दिवस असे गेले. पलीकडे झारीचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा.

चौथ्या सकाळी अण्णा कुंपणापाशी उभे. हातात कागद नव्हता. ‘सदर बाबतीत...’ असं म्हणाले आणि थांबले. पुन्हा ‘सदर बाबतीत...’ म्हणाले, पुन्हा अडकले. मीच घाईघाईने माफी मागायला लागले, की आमच्या पोरीपायी तुमचा पहिला नंबर गेला, आता नाही पाठवणार तिला, तुम्ही निवांत...

त्यांनी हाताने मला गप्प केलं. कार्यालयीन मराठी त्यांच्या तोंडून कुठेतरी गळून पडली होती. त्यांची देवळा गावाकडची घरची बोली मी इतक्या वर्षांत एकदाही ऐकली नव्हती, ती एकदम बाहेर आली :

‘नंबर जाऊ द्या वो ताई, पोर कोठे शे?’