रिसेप्शनमधलं प्रवाळ

सोमवारी सकाळी पावणेनऊला ललित राऊत कारखान्याच्या रिसेप्शनमध्ये शिरला आणि हातातला डबा तसाच धरून उभा राहिला. काचेच्या टाकीतलं प्रवाळ गेल्यात जमा होतं. शनिवारी संध्याकाळी त्याची गुलाबी बोटं पाण्यात मजेत डोलत होती. आता ती आक्रसून सुकलेल्या आल्यासारखी दिसत होती.

"मोनाली, हे कधीपासून असं?"

"मी आले तेव्हापासून," रिसेप्शनवरची मोनाली म्हणाली, "म्हणजे झाली असतील पाच मिनटं."

ललितने डबा तिच्या टेबलावर आदळला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात कापडाचे रंग बनत. शुक्रवारी जर्मनीहून गिऱ्हाइकाच्या बाई पाहणीला येणार होत्या. आम्हाला पाण्याची किती काळजी आहे हे त्यांना दारातच दिसावं, म्हणून मालक मितेशभाईंनी तीन आठवड्यांपूर्वी ही खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली होती. "ललितभाई, आजपासून हा दरिया तुमच्या हवाली," ते म्हणाले होते. "बाई खूश झाल्या, तर लॅबच्या मुख्याची खुर्ची तुमची." अकरा वर्षं ललित त्या खुर्चीच्या शेजारच्या स्टुलावर बसत होता.

त्याने लगेच पाणी तपासलं. खारटपणा ठीक, अमोनिया नाही, बाकी सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पाणी निर्दोष ठरल्यावर दोष दिव्यांचा असणार, असं त्याने ठरवलं आणि पांढरे दिवे काढून निळे लावले. त्या उजेडात मोनाली इतकी भयानक दिसू लागली, की दुपारी आलेला कुरिअरवाला "मॅडम, तबियत ठीक है ना?" म्हणून सही न घेताच निघून गेला.

मंगळवारी प्रवाळ आणखी आक्रसलं. आता संशय हवेवर आला. ललितने रिसेप्शनमध्ये उदबत्ती, सेंट आणि फिनेल यांवर बंदी घातली. साफसफाई करणारी साखरबाई जवळच्याच नवापूरच्या कोळीवाड्यातली. ती बादली आपटून म्हणाली, "फिनेल नाय तर लादी कशान् पुसू? थुंकीन्?"

"पाण्यात काय टाकलंस का तू, साखरबाई? खरं सांग."

"आमी दर्याला नारल देतो सायेब, फिनेल नाय देत." साखरबाई खरंच दुखावली होती. "तुमचा ह्यो खोक्यातला असला, तरी दर्याच हाय ना?"

ललितला स्वतःची लाज वाटली. तिच्याच सल्ल्याने बुधवारी पहाटे तिचा नवरा विश्राम बोट घेऊन खोल दर्यात गेला आणि दहा कॅन पाणी घेऊन आला. सकाळभर खपून ललितने टाकीतलं जवळपास सगळं पाणी बदललं. चार वाजता चमत्कार झाला. एक बोट हललं, मग दुसरं. साडेपाचला निम्मं प्रवाळ उमललं होतं. मोनालीने टाळ्या वाजवल्या, साखरबाईने बोटं मोडून दृष्ट काढली, आणि ललित शीळ घालत घरी गेला.

गुरुवारी सकाळी ते सोमवारपेक्षाही वाईट दिसत होतं. ललित मटकन सोफ्यावर बसला.

लॅबमधली त्याची साहाय्यक किंजल तशी कमी बोलायची. तिने न विचारताच बाटलीभर पाणी उचललं आणि धातू मोजायच्या मशीनवर लावलं. कारखान्यातून बाहेर जाणारं पाणी रोज याच मशीनवर तपासलं जाई. अर्ध्या तासाने ती कागद घेऊन आली.

"सर, तांबं आहे यात."

"तांबं?" ललित ओरडलाच. "विश्रामच्या पाण्यात?"

"त्याच्या कॅनमधलं उरलेलं पाणी पण बघितलं. त्यात नाय. नळाच्या पाण्यात नाय, मिठात नाय. फक्त टाकीत आहे, आणि ते काल संध्याकाळनंतर आलंय."

ललितने कागद तिच्या हातातून ओढून घेतला. म्हणजे कोणीतरी रात्रीतून मुद्दाम विष घालत होतं. कोणाला तरी ती खुर्ची हवी होती. त्याने किंजलकडेही क्षणभर संशयाने पाहिलं, हे त्याला शोभणारं नव्हतं, पण पाहिलं खरं.

शुक्रवारी सकाळी सातला, अजून कोणी यायच्या आत, तो मागच्या दाराने आला. सोबत साखरबाई होती, आणि तिच्या हातात लादी पुसायचा दांडा. रिसेप्शनमध्ये एक माणूस टाकीवर ओणवा होऊन, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून काहीतरी ओढत होता.

"सापडला हरामखोर!" ललितने झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. मनगटावर सोन्याचं घड्याळ होतं. घड्याळाच्या पुढे मितेशभाई होते. आणि मितेशभाईंच्या हातात दोरीला बांधलेले, लख्ख चमकणारे दोन तांब्याचे लोटे होते.

साखरबाईच्या हातातला दांडा खाली पडला.

"शेठ... तुम्ही?"

"अरे ललितभाई, कोणाला सांगू नका हां," मितेशभाई ओशाळून म्हणाले. "आमच्या घरी वीस वर्षं सगळे तांब्यातलं पाणी पितात. कोणाला ॲसिडिटी नाय, काय नाय. मला वाटलं, या बिचाऱ्यालाही द्यावं. पण एवढं पाणी लोट्यात कसं मावणार? म्हणून लोटाच पाण्यात ठेवला. गेल्या शनिवारपासून. रात्री ठेवायचा, सकाळी काढायचा. बुधवारी जरा बरं वाटलं त्याला, म्हणून आणखी एक वाढवला."

खुर्ची ललितच्या डोळ्यांसमोरून तरंगत गेली. मालकाला कसं सांगायचं, याची तो मनात वाक्यं जुळवत होता. तेवढ्यात साखरबाई म्हणाली, "शेठ, तुमच्या लोट्यान् मेला तो."

"काय सांगते!" मितेशभाई पांढरेफटक पडले. "ललितभाई, खरं?"

"खरं आहे शेठ. प्रवाळाला तांबं म्हणजे विष."

"किती होतं पाण्यात?"

ललितने आकडा सांगितला.

"आणि आपल्या कारखान्याचं पाणी बाहेर सोडतो, त्यात?"

"नियमात आहे, शेठ. पण... याच्यापेक्षा जास्त."

मितेशभाई हातात लोटे घेऊन हळूच सोफ्यावर बसले. त्यांच्या पँटवरून पाणी गळत होतं, तरी त्यांना भान नव्हतं.

टाकी झाकायला चादर सापडेपर्यंत जर्मन बाई येऊन ठेपल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. त्या थेट टाकीपाशी गेल्या आणि इंग्रजीत विचारलं, "हे कशाने मेलं?"

ललित दोन दिवस झोपला नव्हता. खोटं सुचायलाही थोडी ताकद लागते, ती त्याच्यात नव्हती. "तांब्याने," तो म्हणाला. "आमच्या लॅबने शोधलं." आणि कागद पुढे केला.

बाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्या हसल्या. आजवर पाहिलेल्या कारखान्यांत मेलेल्या गोष्टीचं कारण कोणीच लिहून दिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. मितेशभाई जोरजोरात मान हलवू लागले. बाई पुढे बोलत राहिल्या, आणि मितेशभाई मान हलवतच राहिले.

"सोमवारपासून नवीन प्रवाळ ठेवा. पण टाकीचं खारं पाणी तुमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच मीठ घालून बनवा. सहा महिन्यांनी मी परत येईन. ते जिवंत दिसलं, की ऑर्डर दुप्पट. हे काम कोण बघेल?"

मितेशभाईंची मान तेव्हा कुठे थांबली. त्यांनी ललितच्या खांद्यावर हात ठेवला. "हे. आमचे लॅबचे मुख्य."

दुपारी बायकोचा, दमयंतीचा फोन आला तेव्हा ललित नव्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"काय झालं ओ? मिळाली का खुर्ची?"

"मिळाली."

"अगं बाई! मग आवाज असा काय? मी आत्ता बाजारातच आहे. दोन किलो पेढे घेऊ?"

ललितने खिडकीतून बाहेर पाहिलं. कारखान्याचं पाणी नालीतून फेसाळत चाललं होतं.

"पाव किलोच घे," तो म्हणाला. "बाकीचे नवीन प्रवाळ जगलं तर."